कपाट, फडताळ आणि मधला मी

"वाचा! मोठ्यानं वाचा! मागच्या बाकड्यावर ऐकू गेलं पाहिजे!"

वेल्ह्याच्या बाई ओरडत होत्या, आणि हा वर्ग नव्हता. कामथडीचं हॉटेल होतं, हायवेला लागून, रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला. मागच्या बाकड्यावर सहावी ब नव्हती, साताऱ्याकडं निघालेला एक ट्रकवाला होता आणि भजी खाणारी दोन माणसं होती. पण बाईंच्या आवाजात वीस वर्षांचं गणित होतं. ट्रकवाल्यानं बाकड्यावर घेतलेला पाय खाली सोडला. भजीवाल्यांनी घास तोंडातच ठेवला. हॉटेलवाल्याचा स्टोव्ह मी जन्मात कधी गप्प बघितला नव्हता, तोसुद्धा भुस्स करून विझला. खोटं वाटत असेल तर हॉटेलवाल्याला विचारा. तो माझ्याहून जास्त वाढवून सांगेल.

माझ्या हातात एक कागद होता. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला, खडखड करणाऱ्या जुन्या प्रिंटरवर छापलेला. त्यात एका ओळीखाली लाल पेनानं दोनदा रेघ मारली होती. ओळ माझी होती. समोरच्या बाकावर भोरचे चाचा बसले होते. त्यांनी बशीत चहा ओतला होता, पण पीत नव्हते. त्या चहावर साय धरत चालली होती.

"बाई, घसा बसलाय," मी म्हटलं.

"बसलाय? मघाशी हॉटेलवाल्याला स्पेशल चहा सांगताना चांगला उभा होता की!"

ते खरं होतं. बाईंनी आम्हा दोघांना चिठ्ठी पाठवून बोलावलं, तेव्हा मला वाटलं होतं की आज समेट होणार. आल्या आल्या मी हॉटेलवाल्याला सांगूनही टाकलं होतं, की मोठी माणसं येतायत, दोन राज्यांचा तह आहे, तो मी घडवून आणलाय, दूध जरा जास्त घाल.

ती ओळ काय होती ते सांगतो. पण आधी कपाट सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल एका ओळीसाठी एवढा तमाशा कशाला.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं. माझा धंदा शाळांना वह्या, खडू, नकाशे आणि पृथ्वीचे गोल पुरवायचा. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुके माझ्या एम-एटीवर. त्या गाडीनं मला काय काय ओढून नेलं ते लिहायला बसलो तर कागद मलाच पुरवावे लागतील. एकदा चेलाडी फाट्यापासून विंझरपर्यंत तिच्यात पेट्रोलचा थेंब नव्हता, निव्वळ सवयीनं गेली. मी एका जागी बसणारा माणूस नव्हेच. घरात दहा मिनिटं बसलो की बायको विचारायची, "बरं नाही का?"

चाचांचं भोरला बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. साठी उलटलेली, चष्म्याला डाव्या बाजूला तांब्याची तार गुंडाळलेली. बंद पडलेल्या रेडिओचा ते आधी अर्धा तास नुसता अपमान करायचे, मग उघडायचे. निम्मे रेडिओ उघडायच्या आतच सुरू व्हायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी भंगारातून तीन कॉम्प्युटर उभे केले होते आणि त्यावर ते स्वतः शिकले, मग मला शिकवलं. कुणी विचारलं की हे कुठून शिकलात, तर म्हणायचे, "उघडून बघितलं."

त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे कपाट. गावातल्या वाचनालयांसाठी, शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटांसाठी. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी नेलं, परत आलं की नाही. एवढंच. एका फ्लॉपीत मावायचा, आणि ज्या मशीनला पुण्यात कुणी शिवणार नाही त्यावर पळायचा. वर तो सगळ्यांना मोकळा. चाचांनी त्याचं लायसन स्वतः मराठीत उतरवून दुकानाच्या भिंतीवर चिकटवलं होतं, मोठ्या अक्षरांत: कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, वाटा. बदललेलंही उघडं ठेवा. ज्यानं काम केलं त्याचं नाव पुसू नका. टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेल्या बायका ते वाचून विचारायच्या, "चाचा, टीव्हीचं पण असंच का?"

आम्ही हे फुकट करणारे लोक. पुण्यात कुणी विचारलं तर मी पन्नास जण आहोत म्हणून सांगायचो. खरे सात. चाचा, मी, भोंगवलीचे एक निवृत्त पोस्टमन, विंझरचा एक किराणावाला, भोरच्या कॉलेजातले दोघं आणि वेल्ह्याच्या बाई. बाई तिथल्या शाळेत गणित शिकवायच्या. मुळातल्या आमच्या भागातल्या नव्हेत, बदलीनं आलेल्या, शाळेजवळ एका खोलीत राहायच्या. कोड वाचायच्या त्या उत्तरपत्रिकेसारखा. लाल पेन, समासात खुणा, आणि चूक नसली तर शेवटी एक बरोबरची खूण. माझ्या कोडवर मी ती खूण दोनदाच बघितली.

आमच्या कामाची रीत अशी. ज्याला कपाटात काही बदलायचं असेल त्यानं बदलायचं, आणि तेवढाच बदल फ्लॉपीवर घालून चाचांकडं पाठवायचा. त्याला आम्ही पॅच म्हणायचो, फाटक्या पँटला लावतात तसाच, आणि मधल्या काळात पँटच बदलली तर तो बसायचा नाही. चाचा तो छापून एकेक ओळ वाचायचे. पसंत पडला तर कपाटात घालायचे आणि आभार नावाच्या फाईलमध्ये तुमचं नाव चढवायचे. कपाटात थेट हात घालायचा पासवर्ड दोघांकडंच होता, चाचांकडं आणि माझ्याकडं. त्याला आम्ही किल्ली म्हणायचो. ती माझ्याकडं आहे हे मी न विचारता किती लोकांना सांगितलं असेल! चेलाडी फाट्यावरच्या पंक्चरवाल्यालासुद्धा.

वेल्ह्यात त्या वेळी फोन आठवड्यातून चार दिवस मुका असायचा. त्यामुळं वेल्ह्याचं इंटरनेट म्हणजे मी. दर गुरुवारी खडूच्या खोक्यात फ्लॉपी घालून जायचो आणि बाईंची फ्लॉपी घेऊन यायचो. फ्लॉपीबरोबर निरोपही. बाई आणि चाचा एकमेकांना दोन वर्षांत तीनदा भेटले असतील. बाकी त्यांची सगळी ओळख माझ्या तोंडून झालेली.

आता ज्यानं फाटा फुटला ते सांगतो. पुस्तक पंधरा दिवसांत परत आलं नाही की कपाट त्या माणसाला कुलूप लावायचं. पहिलं परत करा, मगच दुसरं. चाचांचा हा लाडका नियम, कारण भोरच्या वाचनालयातून लोकांनी नेलेल्या कादंबऱ्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा परत आल्या नव्हत्या. पण वेल्ह्याचा पाऊस म्हणजे जूनमध्ये दोरीवर घातलेला टॉवेल दसऱ्याला काढायचा. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांची होडी बंद व्हायची, ओढे चढायचे, त्यात लावणी. तिकडची पोरं पुस्तक घेऊन अडकायची ती अडकायचीच. कशीबशी एखादी डोंगरावरून चालत यायची, तर नेमकं जुनं पुस्तक घरी कोरडं राहावं म्हणून ठेवून आलेली. कपाट म्हणायचं, कुलूप.

बाईंनी पॅच लिहिला, पावसाळ्याचे चार महिने कुलूप नको. बारीक, स्वच्छ पॅच. मी तो चाचांकडं आणला. चाचांनी वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "नियम मोडतो हा. बघू."

बस्, एवढंच. "बघू."

आता हे "बघू" मी भोरहून वेल्ह्याला नेलं. पंचावन्न-साठ किलोमीटर. नुसतं "बघू" एवढ्या लांब नेणं माझ्या जिवावर आलं. कामथडीपर्यंत ते "बघतो म्हणाले, पण तोंड वाकडं करून" असं झालं. विंझरला किराणावाल्याकडं चहा प्यायलो तेव्हा चाचांनी टेबलावर हात आपटला होता. आणि वेल्ह्यात शाळेच्या व्हरांड्यात बाईंसमोर उभा राहिलो तेव्हा चाचांनी फ्लॉपी खिडकीतून फेकली होती ती थेट नीरेच्या पात्रात.

"नदीत?" बाई म्हणाल्या. "दुकानापासून नदी लांब आहे ना?"

"हात लांब आहे चाचांचा," मी म्हटलं.

बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. परत येताना त्या "बरं"चंही मी असंच केलं. चाचांना सांगितलं, "बाई म्हणतायत, भोरच्या लोकांना पाऊस नळातून येतो असं वाटतं."

चाचांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "असं म्हणाल्या?"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली, आणि मला वाटलं, चांगलं वाक्य झालं. असं तीनदा झालं. तीनदा पॅच गेला, तीनदा "बघू" आलं, आणि प्रत्येक वेळी मधल्या रस्त्यात ते वाढून आलं. चौथ्या गुरुवारी बाईंनी मला एक सीडी दिली. वर पेनानं लिहिलेलं: फडताळ.

"हे काय?"

"कपाटच आहे. पावसाळ्यातलं कुलूप काढलंय. पोरांना बघायला सोपं जावं म्हणून चार रंगही घातलेत. यापुढं मी हेच चालवणार. चाचांना सांगा, त्यांच्या भिंतीवर लिहिलंय तसंच केलंय. घेतलं, बदललं, उघडं ठेवलं. सगळ्यांची नावं आहेत आत."

भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा भांडी अर्धी होतात. इथं दोघांकडं अख्खं घर, आणि तरी वाटणीसारखंच वाईट. चाचांनी सीडी हातात घेतली, उलटी केली, त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि भिंतीवरच्या त्यांच्याच कागदाकडं बराच वेळ बघत बसले. चोरी म्हणावं तर ती त्यांनीच करायला सांगितलेली.

मग माणसं फुटायला लागली. भोंगवलीचे पोस्टमन चाचांकडं. ते म्हणाले, तारीख म्हणजे तारीख, पावसाचं कारण सांगून मी कधी टपाल थांबवलं नाही. कॉलेजातले दोघं रंग बघून बाईंकडं गेले. विंझरच्या किराणावाल्याकडं गावाचं कपाट होतं, त्याला विचारलं तू कुणाचा, तर म्हणाला, "आमी दोनी ठिवल्यात. मोठ्या मान्सांला कपाट, पोरांला फडताळ. चाचांस्नी सांगितलंय, बाईंस्नीबी सांगितलंय. कुनी काय न्हाई म्हनलं."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी काय?"

"मीही दोन्हीकडं काम करतोय. पण दोघांनाही वाटतंय मी त्यांचाच."

त्यानं गूळ तोडता तोडता माझ्याकडं बघितलं. "मंग सांगून टाका की. त्यात काय लई अवगड हाय?"

काय अवघड होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चाचांनी मला शिकवलं होतं. त्यांच्या मागच्या खोलीत माझी स्वतःची खुर्ची होती, तिचा एक पाय मीच बसवलेला. आणि बाईंकडं त्या समासातल्या खुणा. मी एका ठिकाणी बसलो की दुसरीकडं माझ्याबद्दल काय बोलत असतील याची हुरहुर लागायची. भोरात असलो की वेल्ह्याला जावंसं वाटायचं, वेल्ह्यात पोचलो की गाडी बंद करायच्या आत परतीचं. वह्यांच्या ऑर्डरी नसताना मी आठवड्यातून तीन तीन खेपा मारायला लागलो. एका महिन्यात एम-एटीचे दोन टायर गेले. चाचांकडं मी म्हणायचो, "मी तुमचाच." बाईंकडं, "मी तर पहिल्यापासून पावसाच्या बाजूचा." फडताळाची किल्ली बाईंनी मला दिलेली, पण चाचांना कळू नये म्हणून तिथलं माझं काम मी "खडू" या टोपणनावानं घालायचो. चोरून, जसं काही मी दरोडा घालतोय. लायसन म्हणत होतं, दोन्हीकडं खुशाल कर. मलाच ते झेपत नव्हतं.

आणि मग ती ओळ.

भोंगवलीच्या पोस्टमननी तक्रार केली की कपाटानं त्यांना एक दिवस आधीच कुलूप लावलं. त्यांचा एक दिवस कुणी असा कमी केला तर ते पंतप्रधानांना लिहितील. शोधलं तर खरंच. कपाटाला सगळे महिने एकतीस दिवसांचे वाटत होते. तीसचा महिना आला की पंधरा दिवस चौदावर संपायचे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी बारा ओळींत ते दुरुस्त केलं. कोडमध्ये मशीन वाचत नाही, फक्त माणसं वाचतात अशा ओळी लिहिता येतात, पुढच्या माणसाला समजावं म्हणून. त्या बारा ओळींच्या डोक्यावर मी अशी एक ओळ लिहिली. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, आमची तशीच रीत होती:

"ही चूक वेल्ह्याच्या फडताळात अजून आहे. राहू दे. बाईंना पावसाळ्यानंतर कळेल."

कशासाठी लिहिली? चाचा प्रत्येक ओळ वाचतात म्हणून. त्यांनी वाचली, आणि कित्येक महिन्यांनी हसले. चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, खुर्ची पक्की झाली.

पुढच्याच गुरुवारी मी वेल्ह्यात. बाईंनी स्वतः जेवायला थांबवलं, तांदळाची भाकरी आणि पिठलं. वाढता वाढता म्हणाल्या, "काही चूक दिसली तर सांगत जा हं. चाचांकडं वाचणारे चार जण आहेत. माझ्याकडचे दोघं नुसते रंग बघतात. तुमच्याशिवाय वाचणारं कोण आहे?"

भाकरी कशीबशी संपवली. जेवून उठलो तो हात धुवायच्या आधी त्यांच्या मशीनपाशी बसलो म्हटलं तरी चालेल. खिशातल्या फ्लॉपीवरून त्या बारा ओळी उचलल्या आणि फडताळात टाकल्या. चालवून बघितलं. तीसचा महिना तीसचा. केवढं हलकं वाटलं! गाडीला किक न मारता निघालो.

तुमच्या लक्षात आलं असेल. बारा नव्हे, तेरा ओळी उचलल्या होत्या. डोक्यावरची पहिली तशीच, बाईंच्याच फडताळात, बाईंबद्दल.

बाईंनी तीन आठवड्यांनी सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर सगळा कोड छापून काढला आणि पेपरांसारखाच तोही तपासला.

तर असा मी कामथडीच्या हॉटेलात कागद हातात घेऊन उभा होतो. वाचलं. पहिल्यांदा पुटपुटलो, बाई म्हणाल्या "ऐकू येत नाही", मग मोठ्यानं वाचलं. शेवटी ट्रकवाल्यानं विचारलं, "मंग ती चूक गेली का न्हाई?"

"गेली!" मी त्याच्याकडं वळून म्हटलं. देवासारखा भेटला मला तो. "बाई, दुरुस्ती दिली की नाही मी? नुसती ओळ राहिली, काम तर झालं! एका गुरुवारचासुद्धा उशीर केला नाही!"

बाई चाचांकडं वळल्या. आवाज खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "तुमच्याकडंही ही ओळ आहे?"

"आहे," चाचा म्हणाले.

"वाचली होती तुम्ही?"

"वाचली होती."

"मग?"

चाचांनी बशीतल्या सायीकडं बघितलं. "हसलो," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. रागानं नव्हे, नोंद घेतल्यासारखी. चाचांनी आता माझ्याकडं बघितलं. "आणि तू," ते म्हणाले, "मला लिहून दिलंस की राहू दे. आणि आठवड्याच्या आत जाऊन करून दिलंस?"

"चाचा, चूक होती ती. पोरांची पुस्तकं..."

"करून दिलंस ते चांगलं केलंस. मग मला कशाला हसवलंस?"

मी कागदाच्या भोकांच्या पट्ट्या फाडायला लागलो. बाईंना राग की मी तसं लिहिलं. चाचांना राग की मी तसं वागलो नाही. दोघंही खरे, आणि दोघांच्या मधे मी, पृथ्वीच्या गोलासारखा, कुणी टिचकी मारेल तिकडं फिरणारा.

"मी किल्ली बदलतो आज," चाचा म्हणाले.

"मीही," बाई म्हणाल्या. "खडू कोण ते तुम्हालाही कळलंच आता. आणि चाचा, आभारातून यांचं नाव काढायला हवं. तुमच्याकडूनही, माझ्याकडूनही."

चाचांनी पहिल्यांदा बशी उचलली. "ते काढता येत नाही बाई. ज्यानं काम केलं त्याचं नाव पुसायचं नाही. भिंतीवर लिहिलंय."

"ते मात्र आहे," बाई म्हणाल्या.

हॉटेलवाल्यानं दुसरा चहा आणून ठेवला, स्पेशल. कुणी घेतला नाही. मी दोघांनाही गाडीवरून सोडतो म्हटलं, दोघांनीही नको म्हटलं. ते बाहेर एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. चाचांना कापूरहोळकडं जायचं, बाईंना उलट्या दिशेला. चाचांची गाडी आली तर त्यांनी ती सोडली. दुसरीही सोडली. मी हॉटेलाच्या दारातून बघत होतो. ऐकू काही येत नव्हतं. बाई बोटांवर मोजून काहीतरी सांगत होत्या, एक, दोन, तीन. चाचा मान खाली घालून ऐकत होते. मधेच त्यांनी हात लांब करून फेकल्यासारखा केला, आणि मग तो हात तसाच हवेत धरून बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी मान हलवली. दोघांनी एकदमच वळून हॉटेलाकडं बघितलं.

मी खांबामागं गेलो. खांब बारीक होता.

पुढचे दोन महिने मला एका जागी बसवेना. धंद्याचे रस्ते तेच, पण भोरात बाजारपेठ टाळायची म्हणून गल्ल्यांनी जायचो, वेल्ह्यात शाळेचा माल शिपायाच्या हाती देऊन पळायचो. लोक विचारायचे, "काय, तुमच्या कॉम्प्युटरचं काय?" मी म्हणायचो, "मी सोडलं ते. फार वर गेलं होतं, आता दुसऱ्यांना संधी." आणि घरी येऊन माझ्याकडच्या जुन्या कपाटाच्या फ्लॉपीपुढं बसायचो. मला उत्तर सापडलं होतं. इतकं साधं, की ते कुणाला सुचलं नव्हतं याचा अर्थ ते मलाच सुचायचं होतं. कुलूप हवं की नको ते प्रत्येक वाचनालयानं आपलं आपण ठरवायचं. एक खूण केली की कुलूप, काढली की नाही. भोरला भोरचं, वेल्ह्याला वेल्ह्याचं. कपाट आणि फडताळ पुन्हा एक. आणि वर माझं नाव, आधीपासून आहेच तिथं. दोन महिने लागले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर पॅच होता तो. वरती मी एकही ओळ लिहिली नाही.

तो खिशात घालून एका सकाळी चाचांच्या दुकानात शिरलो. भाषण पाठ होतं. चाचा एका टीव्हीच्या मागं वाकले होते, हातात कढई तापल्यासारखा धूर काढणारा सोल्डरिंगचा रॉड. मी सुरू केलं. निरोप आणताना कसा कसा वाढवला ते सगळं कबूल केलं, नदीसकट, नळातल्या पावसासकट. मग सांगितलं की दोन घरं जोडायला हयात गेली तरी बेहत्तर. मग चाचा मला वडिलांसारखे. मग बाईंच्या भाकरीबद्दल बोलताना माझा आवाज खरंच फुटला, ते पाठ केलेलं नव्हतं. दारात एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन उभं होतं, ते डोळे पुसायला लागलं. चाचांनी काम थांबवलं नाही. टीव्ही लागला. त्यांनी रॉड ठेवला, हात पुसला आणि फ्लॉपीसाठी पुढं केला.

मागच्या खोलीत मशीन चालूच होतं. माझ्या खुर्चीवर एक खोकं ठेवलेलं होतं, त्यात सीड्या, प्रत्येकीवर बाईंचं अक्षर, बाजूला विंझरच्या किराणावाल्याची पिशवी. त्याच्या टेम्पोतून येत असणार त्या. पडद्यावर कपाटाचा कोड उघडा होता. नेमका तोच भाग, कुलपाचा. डोक्यावर एक ओळ होती, माणसांनी वाचायची: "कुलूप हवं की नको, ज्याचं त्यानं ठरवावं. वेल्ह्याहून आलेला बदल." खाली माझ्याहून निम्म्या ओळींत तेच काम केलेलं. शेजारी छापलेला कागद, समासात लाल पेनानं एक बरोबरची खूण.

चाचांनी माझी फ्लॉपी घातली. मशीननं कुरकुर केली, पडद्यावर पाच-सहा ओळी उमटल्या आणि थांबल्या. चाचांनी त्या वाचल्या. नेहमीसारख्या, एकेक.

"चाचा?" मी म्हटलं.

त्यांनी फ्लॉपी बाहेर काढून माझ्या हातात दिली.

"जुन्या फाईलवर केलंयस," ते म्हणाले. "बसत नाही."